बसून घेतलेली दिशा

अक्का, मी बसूनच घेतली होती. तू विचारलंस तेव्हा 'नाही' म्हणालो, ते खोटं होतं.

एवढं एक वाक्य सांगायला माझ्याकडं दहा महिने होते. दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास तुझा फोन यायचा. तुझ्या राजाजीनगरच्या गच्चीवरचा कढीपत्ता, माझा उजवा गुडघा, महादेवपुऱ्यात माझ्या मुलाच्या सोसायटीत येणारे पाण्याचे टँकर, तुझ्या भाचीचं, वैजूचं, सारखं नोकऱ्या बदलणं, सगळ्यावर बोलून झालं. हे एक सोडून. आता तू जाऊन अकरा दिवस झाले आणि मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तुला लिहितोय. काय म्हणावं या शहाणपणाला!

भूगर्भ खात्यातल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर तुझे फोटो फिरताहेत. कुणीतरी लिहिलंय, 'अत्यंत मृदू स्वभावाच्या.' वाचून मला भर दुपारी एकट्यालाच हसू आलं. मृदू म्हणे! नकाशावर चहाचा कप ठेवला म्हणून सगळ्या शिबिरादेखत तू मला गाढव म्हणाली होतीस. वर कप उचलून बाहेर चिखलात ठेवलास. मी निपाणीकडचा, माझंही डोकं काही थंड नाही. बत्तीस वर्षं आपण भांडलो, आणि एक भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलीस. त्याचं मी आता एकट्यानं काय करू?

उद्या सोमवार. उद्या अकरा वाजता आनेकलच्या पुढच्या त्या गावात, शाळेच्या मोठ्या खोलीत, ओढ्याच्या कामाची बैठक आहे. पावसाळ्यात वरच्या नव्या वसाहतीत पाणी तुंबतं, म्हणून ओढा सरळ आणि खोल करायचाय. त्यासाठी ओढ्याच्या तळातली आपली ती काळी भिंत फोडायची आहे. ती फोडली तरी आसपासच्या विहिरींना काही होणार नाही, असं एक अहवाल सांगतो. त्या अहवालावर एकच सही आहे आणि ती माझी आहे. दगड फोडायचं यंत्र शुक्रवारीच ओढ्यात येऊन उभं राहिलंय. मी डोळ्यांनी बघून आलो.

तुझी सही का नाही, ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. आता मला एकट्याला ठाऊक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात तसं. उद्या मी दोन मिनिटं उभं राहून 'अहवाल बरोबर आहे' म्हणालो की संपलं. विचारणारं कुणी उरलेलं नाही. अक्का, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. एकदा नव्हे, कितीतरी वेळा आला. तुझ्यापाशी आता खोटं बोलत नाही.

मी खात्यात रुजू झालो तेव्हा तू वरिष्ठ होतीस. पहिली दोन वर्षं 'मॅडम, तुम्ही' चाललं. मग एकदा ओढ्यातल्या शेवाळावरून माझा पाय घसरला आणि तू वरून ओरडलीस, "अय्यो तम्मा!" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला आमच्या सीमाभागातल्या कन्नडमुळं ठाऊक होतंच. त्या दिवसापासून तू अक्का झालीस आणि मी तम्मा. तुमचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बेंगळुरात. तुझ्या एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही असायच्या. "स्वल्प मागं सर की रे, नोडू, कसं दिसतंय ते." 'जरा'ला 'स्वल्प', 'बघ'ला 'नोडू', 'बरं'ला 'सरी'. तुझ्या तोंडची ही मराठी ऐकून पुण्याचे साहेब गोंधळायचे. मला मात्र ती फार आवडायची, हेही कधी सांगितलं नाही.

आनेकलची ती काळी भिंत म्हणजे दगडाचा एक डाइक. डाइक म्हणजे काय ते मी पुस्तकात वाचलं होतं. समजलं तुझ्यामुळं. पहिल्याच वर्षी तू मला एका ओढ्यात उभं केलंस आणि म्हणालीस, डोळे मिट, आता दगडावरून हात फिरव. आधी खरखरीत, या मुलखातला जुनाट दगड लागला. मग एकदम गुळगुळीत काहीतरी. पुढं हात नेला तसतसा दाणा जाड होत गेला, आणि पलीकडच्या कडेला पुन्हा गुळगुळीत. "आता डोळे उघड," म्हणालीस. करड्या दगडाच्या मधोमध, ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत, काळाकुळकुळीत पट्टा गेला होता. "जमीन फाटली. फटीतून वितळलेला रस वर आला आणि फटीतच थिजला. कडा आधी निवल्या म्हणून तिथं दाणा बारीक. दूध निवताना कडेनं आधी साय धरते की नाही, तसं." मी आयुष्यात पुढं शेकडो डाइक बघितले, पण हात तोच आठवतो.

दहा महिन्यांपूर्वीचा तो एप्रिल. निवृत्त होऊनही आपण दोघं अहवाल लिहीत होतो, म्हातारी खोडं. आनेकलच्या बसमध्येच ठिणगी पडली. मी पायरी चढताना गुडघा धरला, ते तू पाहिलंस. "तम्मा, आता पुरे. तुझा गुडघा गेला. आता तू घरी बस आणि नकाशे काढ," असं तू म्हणालीस. काळजीनं म्हणालीस, हे आज कळतं. तेव्हा माझ्या टाळक्यात गेलं. स्वतःला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते आणि मला घरी बसायला सांगते! मी गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

तुला ओढ्याचा काठ उतरवेना. तू वर, काठालगतच्या मुनियम्माच्या घरी थांबलीस. मुनियम्माची विहीर ओढ्यापासून अर्धा किलोमीटर पूर्वेला, आणि त्या विहिरीवर तिची शेवंती. तिच्यासारख्या आणखी सहा-सात विहिरी त्याच ओळीत. तू तिच्या ओट्यावर ताक पीत तिला कन्नडमध्ये समजावत होतीस, ते मला खालपर्यंत ऐकू येत होतं. जमिनीखाली एक भिंत आहे, वरच्या अंगानं येणारं पाणी तिला अडतं, म्हणून तुझ्या विहिरीला एप्रिलमध्येही पाणी आहे. मुनियम्मा म्हणाली, "भिंत कुणी बांधली?" तू म्हणालीस, "कुणी नाही." "मग तोडतायत कशाला? ज्यानं बांधली नाही त्यानं तोडू पण नये." तुझं हसणं ऐकू आलं. मी खाली चिडलेलाच होतो.

काम साधं होतं. भिंत फक्त ओढ्यात उघडी, जेमतेम पंधरा पावलं. पुढं शेतांखाली गडप. फोनमधल्या नकाशाला ती दिसत नाही. म्हणून ओढ्यात तिची दिशा मोजायची, ती नकाशावर पुढं ओढायची आणि बघायचं, विहिरी भिंतीच्या वरच्या, उत्तरेच्या अंगाला आहेत की खालच्या, दक्षिणेच्या. वरच्या अंगाला असल्या तर त्यांचं पाणी भिंतीनं धरलेलं आहे आणि भिंत फोडली की विहिरी जाणार. खालच्या अंगाला असल्या तर काही संबंध नाही. सगळं त्या एका मोजणीवर.

आणि दिशा मोजायची कशी, हे तू पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचीस. या काळ्या दगडात चुंबकी खनिज असतं. होकायंत्र त्याच्याजवळ नेलं की सुई बहकते. म्हणून दगडावरून उठायचं, दहा पावलं मागं करड्या दगडावर जायचं, उभं राहायचं आणि लांबून कडेवर नजर धरून दिशा घ्यायची. "काळ्यावर बसाल तर काळाच आकडा येईल," असं तू म्हणायचीस. मी स्वतः हे शंभर पोरांना सांगितलंय.

अक्का, त्या दिवशी गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली. करड्या दगडावर शेवाळ होतं. मागं जायचं तर तिथून उतरावं लागणार होतं. आणि वर तू होतीस, 'घरी बस' म्हणालेली. मी काळ्या दगडावर बसलो. वही मांडीवर घेतली, होकायंत्र दगडावर टेकवलं आणि आकडा लिहून घेतला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मला तेव्हाही ठाऊक होतं. नजरचूक असती तर एक वेळ चाललं असतं. ही नजरचूक नव्हती.

परतीच्या बसमध्ये तू आकडा ऐकलास आणि नकाशावर बोट फिरवलंस. मग म्हणालीस, "या हिशेबानं भिंत विहिरींच्या उत्तरेनं जाते. विहिरी खालच्या अंगाला येतात. मग एप्रिलमध्ये पाणी कुठलं?" मी म्हणालो, विहिरीला पाणी शंभर कारणांनी असतं. तू माझ्याकडं वळून विचारलंस, "तम्मा, बसून घेतलीस का?"

"नाही," मी म्हणालो. वर आवाज चढवून म्हणालो, "बत्तीस वर्षांनी हे विचारतेस मला?" शेजारच्या बाईनं मान वळवून बघितलं.

तू सही केली नाहीस. अहवालाबरोबर एका ओळीचं पत्र मात्र दिलंस, 'दिशा पुन्हा मोजावी.' कारण दिलं नाहीस, माझं नाव घेतलं नाहीस. त्या एका ओळीवर काम दहा महिने अडकून राहिलं. आणि तू मला दर रविवारी फोन करत राहिलीस. रागावून बोलणं तोडलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. मी तोंड फिरवून बसलो असतो, माझंच खरं म्हणालो असतो. तू कढीपत्त्याबद्दल बोलत राहिलीस.

मंगळवारी त्या कामावरच्या इंजिनिअरचा, कौस्तुभचा, फोन आला. मुलगा वाईट नाही, पुण्याचा आहे, कामसू आहे. "सर, मॅडमचं ऐकलं, सो सॉरी. ॲक्च्युअली एक सांगायचं होतं. त्यांचं ते ऑब्जेक्शन त्यांनी मीटिंगला येऊन एक्स्प्लेन करायचं होतं. आता ते टेक्निकली उरत नाही. तुम्ही सोमवारी फक्त दोन मिनिटं या, रिपोर्ट कन्फर्म करा. मंगळवारपासून ब्रेकर सुरू." मी 'हो' म्हणालो. फोन ठेवला. तू गेलीस हे मला त्याआधीच्या बुधवारी वैजूनं कळवलं होतं, अंत्यविधीलाही मी होतो, पण तू खरंच नाहीस हे मला त्या 'उरत नाही'नं कळलं.

गुरुवारी वैजूनं घरी बोलावलं. तुझ्या वह्या कपाटात होत्या, वर्षवार लावलेल्या. "काका, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच बघा," म्हणाली आणि कॉफी करायला आत गेली. मी थेट तो एप्रिल काढला. काय शोधत होतो? तू मला खोटारडा म्हटलेलं असेल, अशी भीती होती. आणि खरं सांगू, तसं लिहिलेलं असावं असंही वाटत होतं. मग मी चिडलो असतो. चिडणं मला जमतं.

तुझं ते गोल अक्षर. तारीख, ओढा, हवा कोरडी, मुनियम्माच्या विहिरीत पाणी किती खोल. मग 'दिशा, दत्ताने घेतली' (वहीत मी तम्मा नव्हे, दत्ता) आणि पुढं मोकळी जागा. न पाहिलेला आकडा लिहायचा नाही, ही तुझी सवय. आकडा मी तुला बसमध्ये दोनदा सांगितला होता. तू लिहिला नाहीस. खाली अर्धं पान कोरं होतं, तरी पुढच्या महिन्याच्या नोंदी त्यावर नव्हत्या. नवं काम तू नव्या पानावर सुरू केलं होतंस. ते पान तसंच ठेवलंस. वैजू कॉफी घेऊन आली तर मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो.

शुक्रवारी पहिली बस धरली. काठ उतरताना दोनदा बसलो, तिसऱ्यांदा घसरत गेलो, पँट फाटली. ओढ्यात थोडंसंच पाणी होतं, भिंतीच्या वरच्या अंगाला डबकं, खालच्या अंगाला कोरडं ठणठणीत. हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं, एप्रिलमध्येही दिसत होतं. पलीकडं ते पिवळं यंत्र, चोच खाली टेकवून. मी दहा पावलं मागं गेलो, करड्या दगडावर. उभा राहिलो. काठीवर रेललो आणि कडेवर नजर धरली. पाच वेळा मोजलं. मग काळ्या दगडावर जाऊन होकायंत्र टेकवलं, मुद्दाम.

चौदा अंशांचा फरक.

चौदा अंश म्हणजे कागदावर बोटभर. अर्ध्या किलोमीटरवर तो सव्वाशे मीटर होतो. भिंत मुनियम्माच्या विहिरीच्या उत्तरेनं नव्हे, दक्षिणेनं जाते. सगळ्या विहिरी वरच्या अंगाला येतात. तरी मन मानेना, म्हणून शेतांच्या बांधांवरून खरी दिशा धरून चालत गेलो. मुनियम्माच्या विहिरीच्या पुढं साठेक मीटरवर, बांधाच्या मातीत, गोलसर काळे गोटे निघालेले, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे. नांगरताना वर आले असणार. एक फोडून बघितला. आतून ताजा, काळा, आपलाच. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली माझी गत. सुई वाकडी नव्हती, दगड वाकडा नव्हता.

एक मात्र सांगतो, रागावू नकोस. भिंतीची पश्चिमेकडची कड तडकलेली आहे आणि तिथून पाणी झिरपतं. तू म्हणायचीस, ही भिंत थेंबभर सोडत नाही. सोडते. हाताला ओल लागली. या मुद्द्यावर मी पहिल्यापासून बरोबर होतो आणि यावर मी हटणार नाही. आता तू काही बोलत नाहीस म्हणून जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही गं.

मुनियम्मा दुरून फुलं तोडताना दिसली. तिनं उन्हामुळं कपाळाशी हात धरून माझ्याकडं बघितलं, मग हात केला. मी खाली मान घालून बांध उतरलो आणि बस धरली.

उद्याची भीती वाटते, अक्का. साठी उलटलेला माणूस सगळ्यांपुढं उभा राहून सांगणार की त्यानं पहिल्या वर्षाच्या पोरासारखी चूक केली. तेवढं असतं तरी चाललं असतं. चूक म्हणून सांगता येईल, 'वय झालं' म्हणता येईल, लोक मान डोलावतील. खोटं कशात घालायचं? कौस्तुभ माझे अहवाल नवीन पोरांना वाचायला देतो. माझा मुलगा त्याच्या मित्रांना सांगतो, आमचे बाबा दगडाची नाडी बघतात. दुपारभर हे लिहितोय आणि अजून मला ठाऊक नाही, मी उद्या उठून जाईन की नाही.

सोमवार, संध्याकाळ.

गेलो. खोलीत तीसेक माणसं, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. मुनियम्मा दुसऱ्या रांगेत होती, केसांत शेवंती, नजर दाराकडं. अधिकारी म्हणून एक बाई आल्या होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. कौस्तुभनं भिंतीवर नकाशा लावला. माझी लाल रेघ, विहिरींच्या उत्तरेनं गेलेली, खाली माझं नाव. "सर, दोन मिनिटं," तो म्हणाला.

मी कन्नडमध्ये बोललो. म्हणालो, ही रेघ चुकीची आहे. भिंत विहिरींच्या खालच्या अंगानं, दक्षिणेनं जाते. ती फोडली तर या सगळ्या विहिरी आटतील. मी शुक्रवारी पुन्हा मोजलंय.

कौस्तुभचा चेहरा पडला. "सर, असं कसं? रिपोर्टमध्ये तर..."

"रिपोर्ट चुकीचा आहे. मी काळ्या दगडावर बसून दिशा घेतली. घ्यायची नसते."

खोलीत कुजबुज झाली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्या शांतपणे म्हणाल्या, "चूक होते. पण दहा महिने फाइल पडून आहे. आधी का नाही सांगितलं? तुमच्याबरोबर त्या दिवशी कुणी नव्हतं?"

इथं मला सुटता आलं असतं. 'आत्ताच लक्षात आलं,' एवढं म्हणायचं होतं. मी बाक धरला.

"होत्या. माझ्या वरिष्ठ. त्यांनी त्याच दिवशी मला विचारलं, बसून घेतलीस का. मी नाही म्हणालो. ते मुद्दाम बोललेलं खोटं होतं. पुन्हा मोजावी, असं पत्र त्यांचंच आहे."

"त्यांना बोलवा मग," बाई म्हणाल्या.

"त्या बारा दिवसांपूर्वी गेल्या."

आणि मुनियम्मा उभी राहिली. मी विसरलो होतो, अक्का. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती तुझीच वाट बघत दाराकडं डोळे लावून बसली होती. "अक्का गेली?" ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, सगळ्यांदेखत, "शुक्रवारी माझ्या बांधावरून गेलास की रे तू! मी हात केला. तेव्हा पण सांगितलं नाहीस?" एकेरीत बोलली. बरोबरच होतं. बाईंनी लिहून घेतलं, काम थांबवायचं, बुधवारी सगळ्यांसमोर पुन्हा मोजायचं, यंत्र ओढ्याबाहेर काढायचं. कौस्तुभ माझ्याकडं पाठ करून नकाशा गुंडाळत होता. पहिल्यांदा चुकलो ते एकट्याच्या वहीत, आता ते तीस माणसांच्या डोळ्यांत होतं. मान वर करवेना.

मुनियम्मा मला हाताला धरून तिच्या घरी घेऊन गेली. रागानंच धरलं होतं. ओट्यावर बसवलं, ताक दिलं, समोर उकिडवी बसली आणि पदरानं डोळे पुसले. म्हणाली, अक्का दोनदा एकटी येऊन गेली, रिक्षा करून. पाण्याची खोली बघायची आणि सांगायची, घाबरू नको, माझा तम्मा येईल आणि दुरुस्त करील. मुनियम्मा विचारायची, नाही आला तर? तर अक्का म्हणायची, येईल, स्वल्प वेळ लागतो त्याला.

मला तुझा असा संताप आला, अक्का! तू दुसऱ्या कुणाला पाठवून मोजून का नाही घेतलंस? या बाईची विहीर तू कुणाच्या भरवशावर ठेवलीस? माझ्या? एवढा भरवसा ठेवायला तुला सांगितलं कुणी होतं? आज मी आलो नसतो तर? ओट्यावर बसून मी हे मोठ्यानं बोललो, मराठीत. मुनियम्माला शब्द कळले नसतील. आणि मग मी रडलो, तुझ्या अंत्यविधीला रडलो नव्हतो तेवढं. तू मला जो जीव लावलास त्याला मी लायक नव्हतो, आणि तो तू काढूनही घेतला नाहीस.

बऱ्याच वेळानं मुनियम्मानं विचारलं, "तुझ्याशी शेवटचं काय बोलली?"

मी सांगितलं. तू गेलीस त्याच्या आधीचा रविवार. कढीपत्त्यावर कीड पडली होती, ते झालं. माझ्या गुडघ्याचं झालं. मग तू म्हणालीस, "आणखी काय, तम्मा?" मी म्हणालो, "काही नाही." तू म्हणालीस, "काहीच नाही?" मी म्हणालो, "नाही गं. ठेवतो." आणि कान लावून होतो, तू ठेवशील म्हणून. तुझ्या खालच्या रस्त्यावरून एक बस गेली, ती पूर्ण जाईपर्यंत ऐकू आली. मग भाजीवाल्याची आरोळी ऐकू आली. तुझा श्वासही ऐकू येत होता. मग तू म्हणालीस, "सरी मग."

मुनियम्माला हे सांगताना मला पहिल्यांदा कळलं की मधल्या त्या वेळात तू फोन ठेवायचं विसरली नव्हतीस. तू थांबली होतीस.